कुंडीत वाफसा आणताना: माझं सगळं अडलं ते तळाशी

घरातलं झाड माना टाकतं आणि माती बघावी तर ओलीच. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पाणी कमी घाला". या सल्ल्याचा मला अजून राग येतो, कारण त्याने मूळ दुखणं तसंच राहतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे 10,000 पट हळू तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि पाणी ओढायचं थांबवतात. म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं. शेतात ज्याला वाफसा म्हणतात, ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी, तोच कुंडीत आणायचा असतो.

कुंडी निवडणं, झाड अलगद काढणं, काळी पिचपिचीत मुळं कापून टाकणं, हे तासाभरात होतं. मी अडकले ते तळाच्या ओलीपाशी.

भोकं कितीही मोठी ठेवा, पाणी निथळायचं थांबलं तरी तळाशी चिंब थर उरतोच. एक जाड, लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की, न पिळता, तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंजात पाणी धरून राहण्याची उंची ठरलेली असते. आडव्या स्पंजाचा बराचसा भाग त्या उंचीत येतो, उभ्याचा फक्त खालचा तुकडा. कुंडीचंही तसंच. चिंब थराची उंची कुंडीत भरलेल्या मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. त्यामुळे तेच मिश्रण उथळ कुंडीत जास्त धोक्याचं आणि उंच कुंडीत कमी.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे तळाला खडे किंवा खापऱ्या घालणं. कृपा करून घालू नका. बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरचं मिश्रण पुरतं चिंब होईपर्यंत ते तिथेच धरून राहतं. म्हणजे ओला थर जात नाही, खड्यांच्या जाडीइतका वर सरकतो आणि थेट मुळांत येऊन बसतो. भोकातून माती वाहून जात असेल तर जाळीचा एक तुकडा पुरे.

खरा उपाय चाळणीत आहे. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुगा) मूठभर परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) मिसळून काहीच फरक का पडत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. बरणीभर वाळूत चार गोट्या टाकल्या तर पोकळी वाढत नाही, वाळू गोट्यांना वेढून बसते. जाड कण एकमेकांना टेकतील इतके झाले, की मगच त्यांच्या मधली जागा मोकळी राहते. म्हणून निम्म्याहून जास्त भाग जाड हवा: झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), साधारण 3 ते 6 मिलिमीटरचे. उरलेल्यात कोकोपीट आणि थोडं चाळलेलं कंपोस्ट. 2 मिलिमीटरच्या चाळणीतून जो भुगा खाली पडतो तो बाहेरच्या बागेत टाका, कुंडीत नको. बारीक वाळू तर मुळीच नको, ती उरलीसुरली पोकळीही बुजवते.

मिश्रण जमलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. रिकाम्या कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद करून ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते मोजून ठेवा. पाणी ओतून टाका, त्याच खुणेपर्यंत ओलसर मिश्रण भरा. मग हळूहळू पाणी घालत राहा, वर चकाकेपर्यंत. काही तास मुरू द्या, पातळी उतरली तर पुन्हा भरा. आता कुंडी बादलीवर धरून पट्टी काढा आणि निथळलेलं सगळं पाणी मोजा. कुंडी 2 लिटरची आणि निथळलं 200 मिली, तर हवेची जागा 10 टक्के. घरातल्या बहुतेक झाडांसाठी मी 20 टक्क्यांच्या खाली जात नाही. मॉन्स्टेरासारख्या, झाडांवर चढणाऱ्या वेलींना त्याहून जास्त मानवते.

आत्ता लगेच कुंडी बदलणं शक्य नसेल तर पाणी घातल्यावर ती तिरकी टेकवून ठेवा, एक भोक सगळ्यात खाली येईल अशी. आणखी बरंच पाणी निघतं. किंवा भोकातून जाड नायलॉनची वात आत सरकवा आणि 5–7 सेंटीमीटर खाली लोंबू द्या. सुती वात कुजते. काडीने माती टोचत बसण्यात मात्र अर्थ नाही. टोचलेली भोकं लगेच बुजतात, मुळं तुटतात.

भरताना अंगठ्याने दाबायचं नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटली की मिश्रण पुरेसं बसतं. आणि झाडाच्या मुळांपेक्षा फार मोठी कुंडी घेऊ नका, मुळं न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते.

शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली कुंडी 2 सेंटीमीटर उचलून ठेवा. तिथे साचलेलं पाणी चाळणीची सगळी मेहनत वाया घालवतं. अशा मिश्रणाला पाणी जास्त वेळा लागतं. कुंडी उचलून वजन पाहा, हलकी लागली की खालून वाहेपर्यंत भरपूर घाला. पाणी उतरताना त्याच्या मागोमाग ताजी हवा आत खेचली जाते. घोटघोट पाणी घालून ते होत नाही.

परलाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीला वाईट. कोकोपीट आणि साल कुजून बारीक होत जातात, म्हणून पूर्वी पटकन निथळणारी कुंडी आता पाणी वर धरून ठेवायला लागली, की पुन्हा चाळणी काढायची. तेव्हा कडेला पांढरी, टणक मुळी दिसली तर मिश्रण बरोबर होतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाचा थर पुन्हा तपासा.