अकरा गावांची बेरीज

महानगर प्रदेशाच्या नियोजनात मी बारा वर्षं आहे, आणि नवीन आलेली मुलं विचारतात की या फील्डमध्ये पुढे जायला काय शिकू, जीआयएस (म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशांचं काम) का कायदा, तेव्हा मला दरवेळी तो एकच दिवस आठवतो.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. वीस वर्षांच्या आराखड्यासाठी ११ नगरपालिकांकडून लोकसंख्येचे अंदाज मागवलेले, सगळे आले, मी बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली, कारण पूर्ण प्रदेशाचा आमचा जो अंदाज होता त्याच्या जवळपास दीडपट येत होती. जन्म-मृत्यूचे आकडे सगळ्यांचे ठीक होते, घोळ होता स्थलांतरात. बाहेरून लोक आपल्याकडे येणार असं प्रत्येकाने धरलेलं, आपल्यातले काही शेजारी जातील असं एकानेही धरलं नव्हतं, म्हणजे कागदावर एकच कुटुंब तीन गावांत राहायला गेलेलं. यात कुणाची लबाडी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. या आकड्यावरच पुढे पाण्याचा वाटा ठरतो, सांडपाण्याच्या मुख्य लाईनची कपॅसिटी ठरते, मग कमी आकडा देऊन वीस वर्षं अडकून पडायची भीती कुणालाही वाटणारच ना.

मी काय केलं, तर सगळ्यांना सरसकट एकाच प्रमाणात कात्री लावली. बेरीज जुळली, टेबल पाठवून दिलं.

बैठकीत सगळ्यात छोट्या गावाचे नगराध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आमची माणसं कमी करताना आम्हाला एक फोन तरी केलात का?" त्यांचा सांडपाण्याचा प्लांट अजून मंजूर व्हायचा होता आणि माझ्या नव्या आकड्यावर तो मंजूरच होणार नव्हता. मोठ्या शहराला त्याच कात्रीने काही फरक पडला नव्हता. हे मी बघितलंच नव्हतं. दोघंजण फायली उचलून निघायला लागले, आणि आमच्या ऑफिसला कुणावर सक्ती करायचा अधिकार नव्हता. या क्षेत्रात हे बऱ्याच ठिकाणी असंच असतं, कोपनहेगनचा १९४७ चा तो प्रसिद्ध फिंगर प्लॅनसुद्धा, म्हणजे शहर हाताच्या बोटांसारखं रेल्वेमार्गांच्या कडेने वाढवायचा आराखडा, सुरुवातीला कायद्याने बंधनकारक नव्हता, तरी शहर बरंचसं त्या बोटांच्या आकारातच वाढलं.

आमच्या मॅडम उभ्या राहिल्या. "चूक आमच्या ऑफिसची आहे, हे टेबल मी मागे घेते." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग त्यांनी पडद्यावर सगळ्यांचे मूळ आकडे लावले, खाली बेरीज, बाजूला नकाशा, आणि एकच विचारलं, तुमच्याकडे येणारी माणसं कुठून येणार तेवढं प्रत्येकाने दाखवा. पहिल्याने शेजारच्या गावावर बोट ठेवलं. शेजारचे म्हणाले, "आमच्याकडून? अहो आम्ही तर तुमच्याकडून येतील असं धरलंय!" तिथून पुढे लोक आमच्याशी बोलायचे थांबले आणि एकमेकांशी बोलायला लागले.

दुपारनंतर खरी गोष्ट बाहेर आली, की भांडण माणसांचं कमी आणि कारखान्यांपासून मिळणाऱ्या कराचं जास्त आहे. तेव्हा मॅडमनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांचं उदाहरण सांगितलं, तिथे १९७१ च्या कायद्याने व्यापारी-औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात जी वाढ होते तिचा ४० टक्के भाग सात काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सामायिक खात्यात जातो आणि तिथून सगळ्या गावांत वाटला जातो. असंच आपल्याकडे करा असं त्या म्हणाल्या नाहीत, पण दोन नगराध्यक्ष वही काढून विचारत बसले की वाटप कुठल्या सूत्राने होतं.

संध्याकाळपर्यंत ११ पैकी आठ जणांनी आपापले आकडे स्वतःच खाली आणले, तिघांनी नाही आणले. त्या छोट्या गावाचा आकडा माझ्या टेबलपेक्षा जास्तच राहिला आणि तो बरोबर होता.

आमच्याकडे बढती बहुतेक चांगलं मॉडेल बनवणाऱ्याला मिळते. मला हे चूक वाटतं, अकरा जणांना एका टेबलाभोवती सहा तास बसवून ठेवणं हे मॉडेलपेक्षा कितीतरी अवघड काम आहे आणि ते कुणाच्या अप्रेझलमध्ये दिसत नाही.

सगळे गेल्यावर मी माफी मागायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "माझी नको मागूस. उद्या त्या गावात जा, आणि लॅपटॉप इथेच ठेव."

गेलो. नगराध्यक्षांनी प्लांटची जागा दाखवली, मग नाला जिथे नदीला मिळतो तिथपर्यंत चालत नेलं, आणि त्या पाण्याचा वास घेऊन मी त्यांच्याशेजारी बराच वेळ उभा राहिलो.