पारदर्शक ग्लास गेला, निळा जम्बो आला

गेल्या रविवारी रात्री पावणेअकराला गॅलरीत टपटप ऐकू आली. नळ बघितला, बंद होता. दिवा लावला तर टेबलाखालच्या शहाबादीवर ओघळ, आणि वर आपला लाडका पारदर्शक ग्लास, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस काढणाऱ्या माझ्या सेलचा डबा, आट्यांच्या खाली कोळ्याचं जाळं विणल्यासारखा तडकलेला. सेल बंद होऊन चार तास झाले होते. म्हणजे गॅसचा दाब नाही, धक्का नाही, काही नाही. नुसता उभ्याउभ्या गेला.

आधी गॉगल आणि हातमोजे, मग बादलीभर पाणी, शेवटी फरशीवर व्हिनेगर. अडीच लिटरमध्ये २५० ग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात टाकायचा जहाल अल्कली) होतं, त्यातलं निम्मं तरी जमिनीवर. बोट लागलं की साबणासारखं बुळबुळीत वाटतं, तो साबण आपल्याच कातडीचा असतो, एवढं नव्या मंडळींनी लक्षात ठेवा. जुन्यांना सांगायला नको.

मागच्या वेळी मी या ग्लासचं भरभरून कौतुक केलं होतं, ते सगळं मागे. आरओच्या प्रीफिल्टरचा दहा इंची जम्बो, काचेसारखा स्वच्छ, आत प्लेटा आणि बुडबुडे दिसायचे, घरी येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं खिळून बघायचा. दुकानदार म्हणाला होता, "पॉलिकार्बोनेट आहे साहेब, वरून ट्रक गेला तरी फुटणार नाही." ट्रक गेला नाही, पण केओएच गेलं. पॉलिकार्बोनेटची साखळी अल्कलीत तुटते. आणि साच्यातून निघताना जिथे ताण राहिलेला असतो, म्हणजे आटे आणि तळाची गोलाई, तिथून सुरुवात होते. त्यात आमचा नाशिकचा एप्रिल. सेल सुरू करतानाच पाणी ३६ अंशांवर होतं, दोन तासांत ५५.

ही उष्णता कुठून येते त्याचा हिशोब ज्यांनी विचारला होता त्यांच्यासाठी: सात प्लेटा, मध्ये पाच न्यूट्रल (वायर न जोडलेल्या), म्हणजे सहा फटी. १३.८ व्होल्टला प्रत्येक फटीला २.३. पाणी फोडायला उष्णतेसकट १.४८ पुरतात. वरचे सगळे नुसते पाणी तापवतात. दहा अँपिअरला १३८ वॉट, त्यातले ५० च्या आसपास गिझर.

मग डबा कशाचा? तेरा दिवस याच एका प्रश्नात गेले. (ग्लास फुटायच्या आधीपासून शंका होतीच, आठवडाभर आधी एक केसासारखी रेघ दिसली होती. मी तिला ओरखडा म्हणून सोडून दिलं. मूर्खपणा.) त्या रेघेनंतर गच्चीवर एक प्रयोग लावून ठेवला होता. २० टक्के केओएच, झाकणाची बरणी, आत वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी वाकवून तारेने बांधलेली. वाकवणं महत्त्वाचं. सरळ पट्टी महिनाभर छान दिसते आणि आपल्याला फसवते.

कोल्ड्रिंकच्या बाटलीची पट्टी, तळाला १ नंबर असलेली, पांढुरकी होऊन गेली. पॉलिकार्बोनेट चौथ्या दिवशी वाकवलेल्या जागी तुटलं. अॅक्रिलिक वरून चकचकीत, पण ड्रिलच्या भोकाभोवती तडे. पीव्हीसीला केओएचने काही केलं नाही, त्याला नडते उष्णता. साठच्या आसपास पाइप नरम पडायला लागतो आणि आपण पंचावन्नला पोचलोच आहोत. सीपीव्हीसी त्यापेक्षा बरंच सोसतं, पण मोठ्या व्यासाचा तुकडा आणि एंड कॅप यांची किंमत ऐकून मी सायकल वळवली. गंमत म्हणून अॅल्युमिनियमचा एक रिव्हेट टाकला होता. तो फसफसत स्वतःच हायड्रोजन सोडत बसला, वीज न लावता! तेव्हा घरातला जर्मनचा डबा वापरू का, असं परत कोणी विचारू नका.

आई म्हणाली, लोणच्याची चिनी मातीची बरणी घे, तिला काही होत नाही. आईचं बरोबर आहे, बरणीला काही होणार नाही. पण वरच्या पोकळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं दोनास एक मिश्रण भरलेलं असतं, ते कधी पेटलं तर बरणीच्या ठिकऱ्या आपल्या पोटात. काचेलाही त्याच कारणासाठी नाही. स्टीलची किटली टिकाऊ, पण ती स्वतःच प्लेट होऊन बसते आणि करंट भलतीकडून फिरतो.

गच्चीवरच्या बरणीत शेवटी दोनच पट्ट्या होत्या तशा राहिल्या: २ नंबर आणि ५ नंबर. एचडीपीई (जाड पॉलिथिन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलिन).

आणि आता ऐका. ज्या दुकानातून पारदर्शक ग्लास आणला, त्याच्याच वरच्या फळीवर निळा अपारदर्शक जम्बो होता. तोच आकार, तेच आटे, शंभरेक रुपयांनी स्वस्त. तो पीपीचा! सहा महिने मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं, कारण आतलं दिसत नाही. खात्री म्हणून कडेचा एक चिमुकला छिलका काढून पाण्यात टाकला, तरंगला. पेटवला, तर विझवलेल्या मेणबत्तीचा वास. पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी, अॅक्रिलिक तिन्ही बुडतात, त्यामुळे ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. सोबतची काळी ओ-रिंग काढून ईपीडीएम रबराची बसवली. "महागडी ती चांगली" म्हणून व्हायटन रबराची घेऊ नका, अल्कलीत ती टिकत नाही.

पातळी बघायला आरओचाच पाव इंची पांढरा पाइप बाहेरून उभा लावला, वर-खाली पुश-फिट. मागून मोबाईलचा टॉर्च धरला की रेघ स्पष्ट दिसते. यावर मी स्वतःवर फार खूश आहे.

मंगळवारी टेस्ट. दहा अँपिअर, उलटी लिटरची बाटली बादलीत, घड्याळ सुरू. एक मिनिट पंचावन्न सेकंद. म्हणजे मिनिटाला ०.५२ लिटर. फॅरेडेच्या हिशोबाने ३० अंशांना ०.७ च्या जवळ यायला हवा, उरलेला करंट प्लेटांच्या कडेवरून पळतो, वेट सेलचा, म्हणजे प्लेटा डब्यातच बुडवलेल्या सेलचा, जुना रोग. पण गळती शून्य. रात्री दोनदा उठून टॉर्च मारला, फरशी कोरडी.

गुरुवारी झाकणावरचे टर्मिनल बोल्ट ओले.

पीपीचा हा दुर्गुण. दाबाखाली ते हळूहळू सरकतं, शिवाय गरम झालं की स्टीलपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. गरम-थंड, गरम-थंड, आणि नट आपोआप सैल. पुन्हा आवळला, शनिवारी पुन्हा ओला. इपॉक्सी पुटी लावून बघितली, वाळल्यावर नखाने सालीसारखी निघाली. पीपीला काहीच चिकटत नाही. इथे नाशकातच अंबडला पीपीच्या टाक्या गरम हवेने जोडणारा एक जण आहे, त्याच्याकडे झाकण घेऊन गेलो. काम सुरेख, पण "एका झाकणासाठी मशीन तापवू का?" असं त्याने विचारलं आणि मी चहा पिऊन परत आलो.

हे लिहिता लिहिता सुचतंय: बोल्ट झाकणातून न्यायचाच कशाला? डब्यात वीजच नको. प्लेटा बाहेर काढायच्या, मधे ईपीडीएम गॅस्केट, प्लेटेचा कान बाहेर, वायर तिथे. निळा जम्बो नुसती टाकी. म्हणजे ड्राय सेल, ज्याला मी दोन वर्षं नावं ठेवली. हसा.

मग प्रश्न एंड प्लेटचा, म्हणजे प्लेटांचा गठ्ठा दोन्ही टोकांनी आवळून धरणाऱ्या जाड पाट्यांचा. सगळे अॅक्रिलिक वापरतात, पण माझ्या बरणीतली तडकलेली पट्टी मला दिसते. बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून (म्हणजे आमच्या गोदाकाठावरून), आणलेला भाजी चिरायचा एक जाड पांढरा बोर्ड घरात होताच. छिलका तरंगला. एचडीपीईच असणार, १२ मिलीचा. आता तोही बोल्टखाली सरकेल आणि मधोमध फुगेल, हे दिसतंय. म्हणून बाहेरून लोखंडी अँगल आडवे टाकायचे, त्यांना पाणी लागणारच नाही, आणि प्रत्येक नटखाली स्प्रिंग वॉशरची जोडी, म्हणजे प्लास्टिक दबलं तरी ताण टिकेल. लिंक रोडच्या भंगारवाल्याकडे २५ चा अँगल किलोवर मिळतो.

हा गॅस इंजिनात सोडून गाडीचं अॅव्हरेज किती वाढलं, हे विचारणाऱ्यांना: अजून गाडीत बसवलेलं नाही आणि इतक्यात बसवणारही नाही. १३८ वॉट अल्टरनेटरकडून घ्यायचे म्हणजे पेट्रोलमधूनच घ्यायचे, आणि ८०० सीसी इंजिन तीन हजार आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा ओढतं. त्यात माझं अर्धं लिटर. मला सेल नीट चालवायचाय, बस. बबलर (गॅस पाण्यातून नेणारी बाटली, म्हणजे आग उलटी सेलमध्ये शिरत नाही) मात्र टेबलावरच्या टेस्टलाही लावतोच, आणि टाकीतलं पाणी झाकणाखाली दोन बोटांपर्यंत भरलेलं ठेवतो, गॅसला पोकळी जितकी कमी तितकी बरी.

बोर्ड दोन लागतील. दुसरा आणायला बुधवारपर्यंत थांबायचं, की ओट्यावरचा आत्ताच उचलायचा, यावर घरात चर्चा चालू आहे.