उभा पसरलेला ग्रुप: रायफलची पकड आणि धक्का

दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की गोव्यात चुकलेला प्रत्येक शॉट वाऱ्याच्या खात्यावर जातो. ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा पुंजका, आडवा पसरला असेल तर ते मान्य करता येतं. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूची (०.२२ इंची छोट्या काडतुसाची) गोळी ५० मीटरवर दीड-दोन सेंटीमीटर ढकलतो, आणि तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पण भोकं एकाखाली एक पडत असतील तर वाऱ्याला बोल लावून उपयोग नाही. गोळीच्या फिरकीमुळे आडवा वारा तिला थोडं वर-खालीही नेतो, पण ते आडव्या सरकण्याच्या मानाने कमी. उभ्या ग्रुपमागे काडतुसांच्या वेगातला फरक, श्वास किंवा पकड असते. काडतुसांचा लॉट बदलून पाहता येतो. पकडीचं निदान मात्र स्वतःलाच करावं लागतं, आणि त्यासाठी वारा पडलेली सकाळ हवी.

धक्का गोळी बाहेर पडल्यावर लागतो, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. गोळी नळीत पुढे सरकू लागते त्याच क्षणी रायफल मागे सरकू लागते. हिशोब सोपा आहे: गोळीचं वजन गुणिले नळीची लांबी, भागिले रायफलचं वजन. पॉइंट टू-टूची गोळी २.६ ग्रॅम, नळी ६६ सेंटीमीटर आणि रायफल ६ किलो धरली, तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम ०.३ मिलिमीटर मागे येते. तेवढ्याच वजनाच्या थ्री-नॉट-एट (०.३०८ इंची, मोठ्या काडतुसाच्या) रायफलमध्ये गोळी सुमारे ११ ग्रॅमची, शिवाय जवळपास ३ ग्रॅम दारू. तिथे हेच अंतर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातं.

सरळ मागे आली तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते ती मागे येताना फिरली तर. नळीची रेषा बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकाच्या) टेकणीपेक्षा सहसा वर असते, म्हणून नळीचं तोंड वर उचललं जातं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा खांदा धडाच्या मध्यापासून बाजूला असतो, म्हणून ते थोडं उजवीकडेही जातं. हे फिरणं ०.१ मिलिरेडियनने जरी बदललं, तरी ५० मीटरवर ५ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर ३० मिलिमीटर फरक पडतो. ५० मीटरवरचे ५ मिलिमीटर म्हणजे दहाच्या वर्तुळाची जवळपास सगळी त्रिज्या.

गोळी नळीत २-३ मिलिसेकंद असते. माणसाची प्रतिक्रिया यायला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का हाताने आवरणं शक्यच नाही. त्या क्षणी शरीराची जी मांडणी असते, तीच धक्का कुठे जाणार ते ठरवते. म्हणून जास्त जोराने धरण्यापेक्षा दर शॉटला तितक्याच जोराने धरणं महत्त्वाचं. स्नायूंचा जोर विसाव्या शॉटला पहिल्यासारखा राहत नाही. हाडांचा आणि स्लिंगचा (दंडाला बांधून रायफलला जोडलेल्या पट्ट्याचा) आधार राहतो.

प्रोनपासून, म्हणजे पोटावर झोपून मारण्यापासून, सुरुवात करा, कारण तिथे बदलणाऱ्या गोष्टी कमी असतात. शरीर नेमाच्या रेषेपासून १० ते २० अंशांवर. कोन जास्त झाला की खांदा मागे फिरतो आणि तोंड उजवीकडे उसळतं. डावा हात हँड स्टॉपला (रायफलखालच्या सरकत्या अडणीला) टेकलेला, पण बोटं सैल. स्लिंग दंडावर उंच बांधा, खाली आली की नाडीचे ठोके थेट साइटमध्ये (नेम धरायच्या साधनात) दिसतात. मग डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, अर्धा सोडा, डोळे उघडा. साइट लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने ओढू नका. डावा कोपर तिथेच ठेवून कंबर किंचित डावीकडे सरकवा आणि पुन्हा तपासा. वर-खाली असेल तर पोट आणि कंबर पुढे-मागे करा, किंवा हँड स्टॉप एक खूण हलवा. हाताने ओढून आणलेली रायफल धक्का बसताच ओढलेल्या दिशेच्या उलट सुटते.

सगळ्यात जास्त गुण जातात ते काडतूस भरताना. बट खांद्यातून निघाला की पुढचा शॉट नव्या पोझिशनमधून होतो, मग दिसायला ती कितीही जुनीच वाटो. डावा कोपर आणि बट जागेवर ठेवून उजव्या हाताने बोल्ट चालवायची सवय लावा. बट प्लेटची उंची, लांबी आणि काखेखाली जाणाऱ्या हुकचा आकडा वहीत लिहून ठेवा. गोव्यात घामाने जॅकेटचा खांदा ओला झाला की रबरी बट काही मिलिमीटर खाली घसरतो आणि भोकं खाली-वर होऊ लागतात. दर दहा शॉटला खांदा आणि बट कोरड्या फडक्याने पुसा. लाकडी स्टॉक (रायफलचा दांडा) असेल तर पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं. जूनपासून अ‍ॅक्शन स्क्रू (नळी-बोल्टचा भाग स्टॉकला घट्ट धरणारे) टॉर्क पान्याने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर, तपासत राहा.

धक्का बरोबर जातोय का, हे शॉटनंतरचं अर्धं सेकंद सांगतं. ट्रिगर मागे दाबलेलाच ठेवा, डोळा साइटमध्येच. रायफल उसळून त्याच लक्ष्यावर परत येत असेल तर मांडणी ठीक आहे. दरवेळी शेजारच्या लक्ष्यावर थांबत असेल तर शरीराची दिशाच चुकली आहे, मग तो शॉट दहा लागलेला का असेना. कोरडा सराव (काडतूस न भरता) ही चूक दाखवत नाही, कारण त्यात धक्काच नसतो. तो ट्रिगर आणि होल्डसाठी (रायफल स्थिर धरण्यासाठी) उत्तम, पण याचं उत्तर खऱ्या काडतुसातूनच मिळतं.

एका सकाळी २० काडतुसं यासाठी राखून ठेवा, सगळी एकाच लॉटची. पहिली ५ नेहमीसारखी. पुढची ५ स्लिंग एक भोक घट्ट करून. मग स्लिंग पूर्ववत करून बट १ सेंटीमीटर वर. शेवटची ५ बट पूर्ववत करून, गाल जोरात दाबून. साइटला हात लावायचा नाही. चारही ग्रुपचे मध्य एका कागदावर उतरवा. तुमच्या रायफलला कोणता बदल सर्वात जास्त जाणवतो ते तिथे दिसेल, आणि लक्ष तिथेच द्यायचं.

बेंचवरून मारणाऱ्यांसाठी थोडक्यात: वाळूची पिशवी फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली), नळीखाली कधीच नाही आणि कडक लाकडावरही नाही. पिशवीची जागा स्टॉकवर टेप लावून खूण करा. पिशवी मागे-पुढे झाली की उसळणं बदलतं.

मोठ्या बोअरमध्ये (थ्री-नॉट-एटसारख्या रायफलींमध्ये) एक वेगळा आजार असतो, धक्क्याच्या धास्तीने शॉटच्या आधीच खांदा पुढे ढकलणं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचे शॉट तेव्हा बहुधा खाली डावीकडे जातात. सोबत्याला तुमच्या नकळत मधूनमधून डमी काडतूस भरायला सांगा. नुसता खट् आवाज आला आणि तोंड खाली झुकलं, तर निदान पक्कं. पॉइंट टू-टूवर परत या आणि कानाचं संरक्षण दुप्पट करा, कारण धास्ती बऱ्याचदा आवाजाची असते.

नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्यात नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग (उभं राहून) अशा तिन्ही स्थितींत एकच रायफल असते, पण प्रत्येक स्थितीत तिच्यामागचं शरीर वेगळं. स्टँडिंगला स्लिंगच नसते. म्हणून प्रोनचा झिरो (तिथे साइट लावून ठेवलेली जागा) स्टँडिंगला लागू पडेल असं धरून चालू नका. प्रत्येक स्थितीचे साइटचे क्लिक वेगळे मोजा आणि त्याच वहीत, बटच्या आकड्यांशेजारी लिहा.