बाबांचा लकवा आणि रक्तातल्या प्लेटलेट

आमच्या देवळी तालुक्यातल्या गावात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी, हा शब्द डेंग्यूमुळे घरोघरी माहीत आहे. म्हणूनच बाबांना लकवा मारला आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट 2,40,000, म्हणजे 1,50,000 ते 4,50,000 या सामान्य मर्यादेत निघाल्या, तेव्हा रक्त इतके चांगले असताना हे झालेच कसे, असा प्रश्न काकांना पडला.

त्या दिवशी पहाटे उठताना बाबांच्या उजव्या हातातून पाण्याचा गडवा निसटला आणि बोलणे अडखळू लागले. शेजाऱ्यांनी ॲस्पिरिनची गोळी आणून दिली, पण आईने ती देऊ दिली नाही, आणि तेच योग्य होते. कारण लकवा गुठळीमुळे झाला की मेंदूतल्या रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करू शकते. सेवाग्रामच्या रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांनी आधी विचारले, ते शेवटचे ठणठणीत कधी दिसले होते? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बाबा रात्री जेवून झोपले होते, त्यामुळे ती वेळ हातची गेली होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसल्यावर ॲस्पिरिन सुरू झाली.

काकांना उत्तर तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी दिले, आणि माझ्या मते प्रत्येक घराने ते ऐकायला हवे. प्लेटलेट किती आहेत हा डेंग्यूतला प्रश्न. इथे त्या कुठे आणि का चिकटतात, हे महत्त्वाचे. वर्षानुवर्षांचा बीपी आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) यांनी मानेतल्या धमनीत चरबीचा थर साचतो, त्याला चीर पडली की प्लेटलेट जखम समजून तिथे गोळा होतात, आणि त्या गुठळीचा तुकडा मेंदूकडे वाहत जातो. ॲस्पिरिन त्यांची संख्या घटवत नाही, एकमेकींना हाक देण्याची त्यांची रासायनिक शक्ती काढून घेते.

लकवा सौम्य असल्याने ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेट चिकटू न देणारी दुसरी गोळी 21 दिवस दिली, नंतर एकच गोळी ठेवली. दोन्ही जास्त काळ घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. खरी कसोटी गावी परतल्यावर लागली. हातात ताकद आली तसे बाबा म्हणू लागले, "हात तर बरा झाला, आता गोया कायले घ्याच्या?" प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते आणि शरीर रोज नव्या तयार करते, गोळी बंद केली की आठवड्याभरात बहुतेक प्लेटलेट पुन्हा पूर्वीसारख्या चिकट होतात, हे मी त्यांना अनेकदा सांगितले.

पुढे दाढ काढताना तालुक्याच्या एका दवाखान्यात गोळी आठवडाभर थांबवा असे सांगितले गेले. आम्ही सेवाग्रामला विचारले. साध्या दाढेसाठी थांबवू नका, रक्त दाबून थांबवता येते, असे उत्तर आले. दाढ गोळी चालू ठेवूनच निघाली. गुडघे दुखले तर मेडिकलमधून आयबुप्रोफेन परस्पर आणायची नाही, कारण ती ॲस्पिरिनच्या कामात आड येते, आणि शौचाला काळी झाली तर लगेच कळवायचे, हेही त्यांनी तेव्हाच बजावले.