झबल्याचे टक्स, चुण्या आणि माझं काळं मशीन

भाचीला बाळ झालंय त्यामुळे घरात झबल्यांचा कारखाना चालूय, आणि फोटो बघून दोघीतिघींनी विचारलं की एवढे बारीक टक्स, म्हणजे टीप मारलेल्या बारीक घड्या, कशावर घातलेस, ऑटोमॅटिक मशीन घेतलंस का. छे हो. तेच आपलं पायाचं काळं, फक्त सरळ टीप मारणारं.

टक्ससाठी डबल सुई मिळते, पण ती झिगझॅगवाल्या (सुई आडवी हलणाऱ्या) मशीनला, काळ्याच्या सुईखालच्या प्लेटचं भोक एवढंसं असतं, त्यात दोन सुया उतरणार कशा, मोडतीलच. आणि मला तिचे टक्स आवडतही नाहीत, वर नुसता उंचवटा येतो, घडी नसते. झबल्याला घडीचेच हवेत.

कटिंग नंतर, टक्स आधी! एका सुताचा म्हणजे १/८ इंचाचा टक दोन सूत कापड खातो, १० टक घातले की अडीच इंच गेलं. पुण्यात रविवार पेठेतून कापड आणताना तेवढं जास्तच घ्या. खडूने रेघा मारत बसू नका, केंब्रिक किंवा मलमल असेल तर जिथे घडी हवी तिथला एकच धागा सुईने उचलून ओढून काढायचा, अगदी सरळ फट दिसते, त्यावर घडी घालून नखाने दाबायची. सुईपासून एका सुतावर प्लेटला कागदी टेप चिकटवा, घडी टेपला टेकवत टीप मारत जा, सुई ११ नंबरची.

खालच्या घेराच्या चुण्यांना कापड दुप्पट लागतं, मलमल असेल तर थोडं जास्तच. टाका सर्वात मोठा, वरचं टेन्शन सैल, आणि टिपा दोन, एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी अर्ध्यावर. एकाच टिपेवर ओढलं की चुण्या मशीनखाली आडव्या पडतात. बॉबिनचे, म्हणजे खालचे, दोन्ही दोरे एकदम ओढायचे आणि जोडटीप दोघींच्या मधून.

मोठ्या मुलींच्या फ्रॉकला चुण्यांसाठी तुळशीबागेतला इलॅस्टिक दोरा, बॉबिनवर हातानेच आणि न ताणता गुंडाळायचा. वर साधाच दोरा. पहिल्या ओळीला फारसं आकसत नाही, घाबरू नका, चारपाच ओळी झाल्या की इस्त्रीची नुसती वाफ द्या, टेकवू नका, मग बघा कसं गोळा होतं ते.