बरी असतानाच लिहून ठेवलं

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं. ब्लाउज शिवते, घरखर्चाला हातभार लागतो. बरीच वर्षं ओपीडीत सगळे प्रश्न नवऱ्यालाच. "झोपतात का? गोळ्या घेतात का?" मी शेजारच्याच खुर्चीत. त्यासाठीच्या लिथियमच्या गोळीनं हात थरथरायचा, सुईत दोरा ओवला जाईना. केसपेपरवर ते कधी आलंच नाही.

नव्या डॉक्टरीणबाई मात्र नवऱ्याला म्हणाल्या, "थांबा हं, त्यांना बोलू दे." मी सरळ हात पुढे केला. त्या म्हणाल्या, डोस थोडा उतरवून रक्तातली पातळी बघू, नाहीतर गोळी बदलू. पण त्या गोळीनं वजन वाढू शकतं. "तुम्हाला काय जमेल?" मी लिथियमच ठेवलं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, अधूनमधून थायरॉइड आणि किडनीही तपासायची. कटकट आहेच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं त्यांच्याकडूनच कळलं. निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. त्याला ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि पुढे मन बदललं तर कागदही बदलता येतो.

लिहिणं सोपं होतं. मागे ज्या इंजेक्शननं मान आणि जबडा आखडला, ते नको. विजेचा शॉक नकोच असं नाही लिहिलं. गोळ्यांनी भागलं नाही तरच, आणि आधी माझ्या माणसाला नीट सांगून. (भूल न देता शॉक द्यायला कायद्यानं बंदीच आहे.)

खरी अडचण 'माझं माणूस', म्हणजे तेव्हा माझ्या वतीनं बोलणारं, कोण, इथं आली. मी धाकट्या बहिणीचं नाव घातलं.

"मी काय मेलोय का?" नवरा.

"अहो, तुम्ही घाबरता. डॉक्टर म्हणतील त्याला मान डोलावता. ती भांडते."

काही दिवस घरात धुसफुस. मग नवऱ्यानं स्वतःच जाऊन झेरॉक्स काढून आणल्या.

इमर्जन्सीत हा कागद लागू होत नाही. एरवीही डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पटला नाही, तर ते मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागू शकतात. हे ऐकून नवऱ्याला जरा हायसं वाटलेलं दिसलं! एक प्रत बहिणीकडे आहे, एक केसपेपरला लावली. मंडळाकडे नोंदीला पाठवलंय, त्याचं पुढच्या ओपीडीला विचारायचंय.