प्लॉट बघायला जुलैत या

गुहागरला आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी पहिल्या चहालाच म्हणतं, "काकू, तुमचं बरंय हो! रोज समुद्र. तुम्हाला कसलं टेन्शन?" मी हसते आणि विचारते, पोहे करू की घावनं?

डॅनियल काहनेमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, २००२ साली त्यांना अर्थशास्त्रातलं नोबेल मिळालं. त्यांनी आणि डेव्हिड श्काडे यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच वाक्य तपासायला घेतलं होतं, फक्त गुहागरऐवजी कॅलिफोर्निया. तिथले आणि अमेरिकेतल्याच कडक थंडीच्या मिडवेस्ट भागातले मिळून जवळपास दोन हजार विद्यार्थी. काहींना विचारलं, तुम्ही किती समाधानी आहात. काहींना विचारलं, इकडचा किंवा तिकडचा तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी किती समाधानी असेल. दोन्हीकडच्यांचा अंदाज एकच, की कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी. स्वतःबद्दल सांगताना मात्र दोन्हीकडचे सारखेच निघाले.

कारण सोपं आहे. लांबून तुलना करताना डोळ्यांत भरतं ते ऊन, हवा, समुद्र. तिथे राहणाऱ्याच्या डोक्यात दिवसभर भलतंच चाललेलं असतं. माझ्या डोक्यात बघा: लाईट आली नाही तर पंप कसा लावायचा, आगराचं शिंपणं राहिलंय, वांदरांनी पुन्हा नारळ पाडलेत, सुपारी वाळत घातली नि नेमकं आभाळ आलं. खाऱ्या वाऱ्यानं कडीकोयंडे गंजतात. श्रावणात कपाट उघडलं की साड्यांना बुरशी. समुद्राची गाज मला ऐकू येते ती पाहुण्यानं "किती छान आवाज येतो ना?" असं विचारल्यावर.

काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००४ चं एक काम मला याहून आवडतं. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांनी आदल्या दिवसाचा हिशोब लिहायला लावला. एकेका प्रसंगी काय करत होता, सोबत कोण होतं, कसं वाटत होतं. सकाळी कामावर जायचा प्रवास अगदी तळाला, गप्पाटप्पा बऱ्याच वर. आणि मुलांचं करणं टीव्ही बघण्याच्याही खाली! हे वाचून मी एकटीच हसत बसले. सासूबाईंना सांगायची सोय नाही.

मग मीही वहीत लिहून पाहिलं. सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर ऐनवेळी बुकिंग रद्द करणाऱ्यांशी फोनवर गोड बोलायची. सगळ्यात चांगली दुपारची, शेजारच्या वहिनी सुपारी सोलायला मागच्या पडवीत येऊन बसतात ती. त्यांच्या सुनेचं, माझ्या गुडघ्यांचं, देवळातल्या उत्सवाचं, काहीही बोलणं चालतं. त्या पडवीतून समुद्र दिसतही नाही.

पाहुण्यांचं सुख खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. त्यांचे दोन दिवस खरोखर मजेचे जातात, कारण त्या दोन दिवसांत ते समुद्राकडेच बघत असतात. गडबड होते ती जाताना. गाडीत बसता बसता विचारतात, "काकू, इथे जवळपास एखादा प्लॉट आहे का हो?"

प्लॉट आहेत. मी सांगते, बघायला जुलैत या, चांगले आठ-दहा दिवस काढून. तेव्हा खोल्या रिकाम्याच असतात, भाडंही कमी घेते.